रोज आजारी पडणाऱ्या बाई

आमच्या बाई रोज आजारी पडायच्या. सोमवारी पोटात दुखायचं, मंगळवारी छातीत कळ यायची, बुधवारी पाय मोडलेला असायचा. एकदा तर सत्तरीला टेकलेल्या बाई दिवाणावर पडून बाळंतपणाच्या कळांनी अशा काही कण्हल्या, की खालच्या औषधांच्या दुकानाचा मालक पाण्याचा तांब्या घेऊन धावत जिना चढून आला. बाईंनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "जा हो तुम्ही, अजून सिस्टरनी मला तपासलेलं नाही." ती सिस्टर म्हणजे मी. दिवाणाशेजारी घामाघूम होऊन उभी होते आणि तोंडातून इंग्रजीचा एक शब्द फुटत नव्हता.

क्रांती चौकातून आतल्या गल्लीत वळलं की बाईंचं दोन खोल्यांचं घर. दारावर क्लासची पाटी नव्हती, तरी माणसं शोधत यायची. वाळूजच्या कारखान्यातले फिटर, वेरूळची लेणी दाखवणारे गाईड, हॉटेलात स्वयंपाक करणारे, आणि आम्ही नर्सेस. आल्या आल्या बाई प्रत्येकाला बजावायच्या, "मी इंग्रजी शिकवत नाही. ज्याचं जे काम, ते त्याला इंग्रजीत करायला शिकवते." त्यासाठी आधी स्वतः ते काम बघून यायच्या. कारखान्यात जाऊन आल्या की साडीला ऑइलचे डाग. गाईड पोरांपुढं त्या परदेशी पाहुणी व्हायच्या आणि लेण्यातल्या मूर्तींबद्दल असे काही प्रश्न विचारायच्या की पोरं पाठ केलेलं सगळं विसरायची. पुढं मस्कत, दोहा, जर्मनी, कुठून कुठून त्यांना फोन यायचे. बाई फोनवर सगळ्यांना एकच विचारायच्या, "काम कसं चाललंय ते इंग्रजीत सांग बघू."

कधीकाळी बाई कॉलेजात इंग्रजी कविता शिकवायच्या. त्यांचा एक खेड्यातला विद्यार्थी कवितेवर पानंच्या पानं सुरेख लिहायचा. त्याला कंपनीत नोकरी लागली आणि थोड्याच दिवसांत तो बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. परदेशी साहेबानं त्याला विचारलं होतं, मशीन का थांबलं? त्याला कारण पक्कं माहीत होतं, पण बोलताच आलं नाही. साहेब दुसऱ्याकडं वळला. हे सांगताना बाईंचा आवाज दरवेळी चढायचा. "इतकी वर्षं मी त्याला काय शिकवलं गं?" असं त्या मलाच विचारायच्या.

मी पिशोरची. घरी शेती. नर्सिंग करून शहरातल्या एका खासगी दवाखान्यात लागले होते. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं मला निवडलं होतं, पण त्याआधी नर्सेससाठी असलेली इंग्रजीची परीक्षा पास व्हायची होती. त्यात बोलण्याची परीक्षा असते. परीक्षक पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि आपण त्याच्याशी सिस्टर म्हणून बोलायचं. मी दोनदा आपटले होते. आता शेवटची संधी होती, नाहीतर जागा दुसरीला गेली असती. आई फोनवर म्हणायची, "नाय झालं तर नाय झालं. लई लांब हाय ते, इथंच ऱ्हा." तिला बरंच वाटलं असतं. मला मात्र जायचंच होतं. जग बघायचं होतं, आणि स्वतःच्या हिमतीवर बघायचं होतं. नापास झाल्यापासून जेवणावरची वासनाच उडाली होती माझी.

पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलं नाही की व्याकरण विचारलं नाही. ड्यूटी कधी असते, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी पेशंटना भेटायच्या वेळेत बघते तर काय, बाई पिशवीत मोसंबी घेऊन आमच्या वॉर्डात हजर! कुणाची ना कुणाची पाहुणी असेल म्हणून कुणी हटकलंही नाही. एका म्हातारीच्या खाटेजवळ त्या खुशाल बसल्या आणि म्हातारीनं त्यांना तिन्ही सुनांच्या तक्रारी सांगितल्या. बाईंचं लक्ष माझ्याकडं होतं. मी मराठीत कशी बोलते, हे त्यांना ऐकायचं होतं. संध्याकाळी म्हणाल्या, "बोलतेस गोड. पण पेशंटचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस." मला असा राग आला! वॉर्डभर पेशंट, कुणाकुणाचं पुरं ऐकायचं?

रोजच्या आजारपणात बाईंची एक तऱ्हा होती. माझं बोलून झालं की त्या चुका काढायच्या नाहीत. डोळे मिटून, पेशंट असल्यासारख्याच सांगायच्या, "आता मला जरा कमी भीती वाटतेय," नाहीतर, "आता मला तुझा संताप आलाय, दुसऱ्या सिस्टरला बोलाव." संताप आलेलेच दिवस जास्त.

एकदा त्यांनी छातीत गाठ असलेल्या बाईचं सोंग घेतलं. तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. त्यांनी माझा हात धरला आणि इंग्रजीत विचारलं, मी बरी होईन ना? मी लगेच, हसून, कुठंही न अडखळता इंग्रजीत म्हणाले, काळजी करू नका, काही होणार नाही. इतकं सरळ इंग्रजी माझ्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. बाई ताडकन उठून बसल्या.

"रिपोर्ट आला का?"

"नाही."

"मग काही होणार नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"बाई, पेशंटला धीर द्यावा लागतो."

"धीर दिलास, की गप्प केलंस मला?"

मी चिडलेच. सुई टोचताना, ऑपरेशनला नेताना, 'काही होत नाही मावशी' हेच आम्ही सगळ्याजणी म्हणतो. नातेवाईकच आम्हाला बाजूला घेऊन सांगतात, त्यांना काही कळू देऊ नका. हे सगळं मी तणतणत सांगितलं. बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इथं तुझं चुकतही नसेल. इथं बाहेरच्या बाकावर पेशंटची माणसं बसलेली असतात, खरं काय ते त्यांना ठाऊक असतं, ती निभावून नेतात. तिकडं आयर्लंडमधली बाई एकटी आलेली असेल. पोरांना कुणाकडं ठेवायचं, हे ती तुझ्या उत्तरावर ठरवणार. "माहीत असेल ते सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. आणि एवढं म्हणून उठून जाऊ नकोस."

हे शेवटचं मला फार जड गेलं. माहीत नाही म्हटलं की माझे पाय आपोआप दाराकडं वळायचे. बाई दिवाणावरून ओरडायच्या, "चाललीस कुठं? मी अजून घाबरलेलीच आहे." मग मी मुकाट्यानं परत स्टुलावर बसायची. परीक्षा जवळ येत चालली तसं माझं तोंडचं पाणी पळालं, आणि बाईंचे आजार दिवसेंदिवस भयंकर होत गेले.

परीक्षेत परीक्षक एक बाप झाला होता. मुलाच्या डोक्याला मार लागलेला, शुद्ध यायची होती. वाचेल ना तो, असं त्यानं विचारलं. ते जुनं वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं, मी गिळलं. म्हणाले, मला अजून माहीत नाही. डॉक्टर येतील तेव्हा मी तुमच्याजवळ असेन, तोवर तुम्हाला काय विचारायचंय ते मला सांगा. व्याकरण किती चुकलं देव जाणे, पण मी पास झाले. बाईंना फोन केला तर अभिनंदन राहिलं बाजूला, आधी विचारलं, "त्या बापाला कसं वाटलं असेल गं?" मला हसूही आलं आणि रडूही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पेढे घेऊन गेले. बाईंना हल्ली बोलताना धाप लागायची. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि सुजलेल्या पायांवरून मलाही ते दिसत होतं. मी पाया पडले आणि म्हणाले, "दोन वर्षांनी सुट्टीवर येतेच बाई. तुम्ही आहातच. काही होत नाही तुम्हाला."

बाई म्हणाल्या, "आमचे हे आजारी होते तेव्हा सगळे त्यांना हेच म्हणायचे. मीसुद्धा. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. शेवटचे दिवस आम्ही दोघं पंखा दुरुस्तीला कुणाला बोलवायचं, तेवढंच बोलत बसलो." त्यांनी धाप ओसरू दिली. "तू मला नीट निरोप दे. आणि मराठीत दे."

इंग्रजीत दिला असता, सवयीनं जमलं असतं. मराठीत एकेक शब्द शोधावा लागला. कसंबसं म्हणाले, "बाई, मी येईन तेव्हा तुम्ही कदाचित नसाल. आई सोडली तर माझं इतकं कुणी ऐकून घेतलं नाही. मला तुमची लई आठवण येईल."

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मलाही येईल," म्हणाल्या, "आणि मला भीती वाटते गं, मरायची."

घाबरू नका, असं मी म्हणाले नाही. उठलेही नाही. घरी बॅग अर्धवट भरलेली होती, आई फोनवर फोन करत होती. अंधार पडेपर्यंत मी बाईंचा हात धरून तिथंच बसून राहिले. अधूनमधून त्या काहीबाही सांगत होत्या, मी ऐकत होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमध्ये ड्यूटीवर होते. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. पण बाईंना काही सांगायचं राहून गेलं, असं मात्र वाटलं नाही.