नऊ दातांचं चाक

मला आयुष्यात सगळ्यात मोठा धक्का दिला तो माझ्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. आणि तोही तोंडातून एक शब्द न काढता. इतकी वर्षं झाली, तरी ती गोष्ट आठवली की मी हातातलं काम टाकून बसतो.

तीस सालाच्या पुढची ही गोष्ट. मी तेव्हा सोलापूरच्या एका गिरणीत मागखात्यात जॉबर होतो. माग बिघडला की विणकर जॉबरला हाक मारतो आणि जॉबर पान्हा घेऊन येईपर्यंत हात बांधून उभा राहतो. रोज इतकी माणसं आपल्यासाठी हात बांधून उभी राहायला लागली की डोकं ठिकाणावर राहत नाही. दातेरी चाकांतलं माझ्याइतकं साऱ्या सोलापुरात कुणाला कळत नाही असं मला वाटायचं, आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

दाजी त्याच गिरणीत पिंजणखात्यात होते. कापसाच्या धुरळ्यानं त्यांना खोकल्याची उबळ यायची, ती थांबता थांबायची नाही. सकाळचा भोंगा वाजला की त्यांचं तोंड उतरायचं. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि एक जुनी लॉरी घेतली. पहिल्या दिवशी ती दारात उभी करून मला म्हणाले, "पावणं, आता मरंपतोर त्या गिरणीच्या दारातनं आत जानार न्हाय मी." लॉरी चालवायला लागल्यावर त्यांचा खोकला खरंच कमी झाला होता. अक्का, म्हणजे माझी बहीण, येईल त्याला हे सांगायची.

दाजी सोलापुरातून तुळजापूरला मीठ आणि सूत न्यायचे. सपाटीला लॉरी बरी चालायची, पण तुळजापूरचा घाट आला की रडायची. अर्धाच माल भरावा लागे, वर माणसं लावून ढकलावी लागे ते वेगळंच. एके दिवशी घाटातच मागच्या आसातून कडाकडा आवाज आला आणि लॉरी जागेवर बसली.

लॉरीच्या मागच्या आसात दोन दातेरी चाकं असतात. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक लहान, आणि त्याला भिडलेलं एक ताटाएवढं मोठं. लहान चाकाचे दात उडाले होते. मिस्त्रीनं दोन जोड्या समोर ठेवल्या. मोठ्या चाकांत फारसा फरक नव्हता. लहान चाक एका जोडीत सात दातांचं, दुसरीत नऊ दातांचं. मोडलेलं होतं आठाचं.

मिस्त्री म्हणाला, "घाट चढने कू सातवाला होना, भाई. नौवाला नक्को."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. अक्काही आली होती. ती घरी दिवसभर राहाटावर सुताच्या कांड्या भरायची. ती पदर सावरत म्हणाली, "लहान चाकाला दात कमी, म्हंजे मोठं चाक हळू फिरंल की. हळू फिरलं म्हंजे जोर यील. व्हय ना?"

मी खो खो हसलो. मिस्त्रीच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्या देखत मी तिला म्हणालो, "अक्का, तू आपल्या कांड्या भर. आता तू मला चाकं शिकवणार?" मग मिस्त्रीकडे वळून त्यालाही झापलं. रोज हजार वार कापड माझ्या हाताखालून जातं म्हटलं. मागावर कापड सरकवणाऱ्या चाकांत एक बदलीचं चाक असतं. त्याला दात जास्त घातले की कापड हळू सरकतं आणि विणकाम घट्ट बसतं. जास्त दात म्हणजे हळू, हे मी तळहातासारखं ओळखत होतो. म्हणून नऊच. मिस्त्रीनं खांदे उडवले. दाजी म्हणाले, "पावणं म्हनत्यात तर नऊचं बसवा."

मागावरचं बदलीचं चाक दुसऱ्या चाकाच्या ढकलण्यानं फिरतं आणि लॉरीतलं लहान चाक स्वतःच मोठ्याला ढकलतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. ती राहाट फिरवणाऱ्या बाईला कळली होती.

चाक बसवून आम्ही मोहोळच्या रस्त्याला रिकामी लॉरी फिरवून आणली. लॉरी अशी पळाली की माझी टोपी उडाली. मी दाजींच्या पाठीवर थाप मारली, "बघा, कशी हलकी झाली!" दाजी समोर बघत म्हणाले, "लई पळती की." एवढंच. गाडी आधीपेक्षा जास्त पळते म्हणजे घाटात ती आधीपेक्षा कमी ओढणार, हे मला तेव्हाही उमगलं नाही. मी टोपी शोधत होतो.

पहिली खेप मंगळवारी, देवीच्या वारी, असं मीच ठरवलं. गिरणीतून रजा काढली. नवं चाक म्हणून अक्कानं नारळ आणि खणाची ओटी घेतली आणि ती पुढच्या बाकावर बसली. मागं मिठाची पोती. माल पुरता भरा, हेही मीच सांगितलं होतं.

घाटाच्या पायथ्याशी दाजींनी लॉरी थांबवली. अक्काकडे न बघता मला म्हणाले, "पावणं, भनीला घिऊन पायवाटंनं वर जावा. देवीला चालत गेल्यालं बरं."

मी भडकलोच. पहिली खेप, हातात ओटी घेतलेली सवाशीण, आणि तिला अर्ध्या वाटेत उतरवायचं? तोंडाला येईल ते बोललो. अक्का मात्र उतरली आणि नारळ छातीशी धरून पायवाटेला लागली. दाजी मला म्हणाले, "तुमी बी उतरा. एक धोंडा घ्या हातात आन मागनं या. कुटं अडलीच तर चाकाला लावा." मी रागारागानं उतरलो, दार आपटलं आणि धोंडा उचलून मागून चालू लागलो.

पहिलं वळण कसंबसं गेलं. दुसऱ्या वळणावर इंजिन गुदमरलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. मी धावत जाऊन मागच्या चाकाखाली धोंडा सरकवला. तेवढ्यात जळक्या ब्रेकचा वास आला आणि ती एवढी मोठी लॉरी हळूच, अगदी हळूच, माझ्याकडे सरकायला लागली. चाक धोंड्यावर चढलं आणि पलीकडे उतरलं. मी बाजूला उडी मारली. डाव्या हाताला दरी होती. दाजींनी सारं अंग टाकून हातातलं चक्र फिरवलं आणि लॉरी मागच्या मागं डोंगराच्या अंगाला घातली. ती कलंडली. पोती फुटली आणि सगळा रस्ता मिठानं पांढरा झाला. मी त्या मिठात उभा होतो. जास्त दात म्हणजे हळू, जास्त दात म्हणजे हळू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दाजी वाचले. डावा पाय मात्र घोट्यापासून कायमचा वाकडा झाला. क्लच त्याच पायानं दाबायचा असतो. लॉरी पुन्हा चालवणं नव्हतं.

दवाखान्यात ते मला एकदाही टोचून बोलले नाहीत. दोन-अडीच महिन्यांनी काठी टेकत माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "पावणं, तुमच्या खात्यात बसून करन्याजोगं काय काम आसंल का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शब्द टाकला आणि ते माझ्याच खात्यात, मागांच्या कडेला, रिकाम्या कांड्या निवडायला बसले. ज्या दारातून मरेपर्यंत आत जाणार नव्हते, त्या दारातून रोज भोंग्याला आत येऊ लागले. खोकलाही परत आला.

सुट्टीच्या एका दुपारी मी अक्काकडे गेलो. ती राहाटावर बसली होती, दाजी बाहेर गेले होते. मी म्हणालो, "अक्का, माझ्यामुळं झालं गं सगळं." तिनं राहाट थांबवला. उठून ज्वारीच्या कणगीमागून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड ओढून आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. फडक्याला तेलाचे डाग होते. आत चाकांची जोडी होती. मी लहान चाकाचे दात मोजले. पुन्हा मोजले. सात.

"मोहोळच्या रस्त्याला पळवली ना, तवाच त्येंच्या ध्यानात आलं हुतं," अक्का म्हणाली. "दुसऱ्या दिवशी जाऊन मिस्त्रीकडनं ही आनून ठिवली. मला आता सांगितलं."

"आणि मला बोलले का नाहीत? मंगळवारी निघालेच का?" मी ओरडलोच.

"तू चार मानसांत मिस्त्रीला गप केलं हुतंस. तू सांगितल्याली एक खेप करायची आन मग गुपचूप बदलायचं, आसं ठरवलं हुतं त्येंनी. बायकूच्या भावाचा शबुद खाली कसा पाडायचा, म्हनले."

मी त्या चाकाकडे बघत बसलो. मला त्यांचा भयंकर राग आला, हे खरं सांगतो. माझ्या शब्दासाठी हा माणूस आम्हा दोघांना खाली उतरवून एकटाच घाट चढला होता, आणि मी त्याच्यावरच दार आपटलं होतं.

दुसऱ्या दिवशी खात्यात एका विणकराला नवं कापड लावायचं होतं. बदलीचं चाक कितीचं घालायचं, म्हणून तो विचारत आला. मी काही बोलायच्या आत कांड्यांच्या ढिगामागून दाजी म्हणाले, "पावण्यास्नी इचार की. चाकातलं त्येंच्याएवढं कुनाला कळत न्हाय." मी वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात थट्टा नव्हती. विणकर हात बांधून उभा होता. मी पान्हा त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीजवळ बसलो.