सातेरी चाळीचा राखणदार

सहदेव परब देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की सातेरी चाळीतले टीव्हीसुद्धा बंद व्हायचे. गिरणी गेली, नंतरची वॉचमनची नोकरी गेली, गुडघेही गेले. आवाज मात्र राहिला. "बा देवा म्हाराजा" असं त्याने म्हटलं की मागून अख्खी चाळ "होय म्हाराजा" म्हणायची, आणि तेवढ्यापुरता का होईना, सहदेवला मान असायचा.

चाळ मुलुंडच्या अगदी टोकाला. शेवटच्या ओळीमागे दगडी भिंत, भिंतीखाली नाला आणि नाल्यापलीकडे दुसरी पालिका. अलीकडचे लोक कचरा नाल्यात टाकत, पलीकडचेही टाकत. एवढ्या एका बाबतीत हद्दीचा वाद नव्हता. भिंतीच्या पायथ्याशी एक उंच दगड रोवलेला होता. सरकारने हद्द दाखवायला लावलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मालवणातून आलेल्या माणसांना सीमेवरचा दगड नुसता दगड म्हणून सोडवत नाही. त्यांनी त्याला शेंदूर फासला, राखणदार म्हटलं आणि दर वर्षी नारळ द्यायला सुरुवात केली. राखणदारही गुणाचा निघाला. इतक्या वर्षांत चाळीवर कसलं संकट म्हणून आलं नाही.

पुढे नाला एवढा घाण झाला की देवाच्या अंगावर वापरलेले डायपर येऊन अडकायला लागले. सहदेवला ते बघवेना. राखणदाराला वर, चाळीच्या तोंडाशी आंब्याखाली आणून बसवायचं, हे त्यानेच सुचवलं. रीतीप्रमाणे कौल लावला. दगडाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली. "वारो होतो," सहदेव म्हणाला आणि त्याने पुन्हा लावल्या. पुन्हा डावीच. उजवी पडेपर्यंत तो लावत राहिला, आणि ती पडली तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. देवाला असं रेटायचं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? पण मनात घेतलं की घेतलं. पहारी लावून दगड उपटला, आंब्याखाली टाइल्सचा चबुतरा झाला, कोंबडी-वड्यांचं जेवण झालं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात शेवटच्या ओळीतल्या सहदेवच्या घरी मोरीचं दार लागेनासं झालं. मग स्वयंपाकघरातली लादी फुगली. ओट्यामागे भेग पडली. तिच्यात आधी त्याच्या बायकोचं, वनमालाचं, नख जायचं, आता बोटं जायला लागली. दुपारी चाळ शांत असली की मागे नाल्यात काहीतरी पडल्याचा आवाज यायचा. मग पुन्हा शांत. नाहूरला राहणारा मुलगा, नितेश, येऊन चिडायचा. "आई, चल ना आमच्याकडे. एक दिवस वाट लागेल तुमची."

वनमाला हलायला तयार नव्हती. "मी खंय जातलंय? राखणदार आसा मा दारात."

सहदेवने पालिकेच्या कचेरीत खेटे घातले. अखेर मे महिन्यात इंजिनिअर आली. मृणालिनी नाव. पोरगीच, पण कामाची. भिंत बघून तिचा चेहरा उतरला.

"काका, पावसाआधी ही बांधायलाच हवी."

सहदेवला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मग हद्द बघायला ती आंब्याखाली आली, चपला काढून चबुतऱ्यावर चढली आणि दगडाच्या पाठीवर कोरलेली हद्दीची अक्षरं वाचू लागली.

"हद्द इथे दिसतेय. तुमची अख्खी चाळ पलीकडे गेली, काका. तिथे आम्हाला हात लावता येत नाही."

"गे बाय, ह्यो धोंडो पयलो थंय खाली होतो! आमीच तेका वर हाडलव."

"असेल. मी तसं कळवते. दोन्हीकडचे साहेब एकत्र येतील, हद्द ठरवतील, मग काम. पण ते आता पावसाळ्यानंतर. जुनी जागा दाखवा, निदान फोटो काढते."

सहदेव भिंतीला धरत धरत नाल्यात उतरला, मागोमाग मृणालिनी. दगड उपटला तो खड्डा कुणी बुजवलाच नव्हता. आता ते भिंतीखाली शिरलेलं मोठं भगदाड झालं होतं. नाल्याचं पाणी काळं आत जात होतं आणि तांबड्या मातीचं होऊन बाहेर येत होतं. वर भिंतीला भलं मोठं पोट आलं होतं.

मृणालिनी हळू आवाजात म्हणाली, "दगडाने भिंत धरून ठेवली होती, काका. तुम्ही टेकूच काढलात."

राखणदार खरोखरच राखत होता, आणि त्याला हलवणारा सहदेवच. देव तर वर आंब्याखाली. इथे हात जोडायचे कुणाला? त्याने त्या भगदाडालाच जोडले.

"बा देवा म्हाराजा! चूक झाली आसात ती पोटात घाल!"

"होय म्हाराजा!" वरून वनमालाचा आवाज आला. भिंतीवरच्या खिडकीत ती भांडी घासत होती. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडून ते आपोआप निघायचं. तिच्या खिडकीखालून मूठभर माती सुटली आणि सहदेवच्या खांद्यावर पडली. मृणालिनीने त्याला दंड धरून मागे ओढलं.

"वनमाला!" सगळी चाळ ऐकायची त्या आवाजात सहदेव ओरडला. "घरातसून भायर पड! आत्ताच्या आत्ता!"

वर नळ चालूच होता.

"येतंय," वनमाला म्हणाली. "एवढी भांडी होऊं देत."