तिरकी चौकट

सावलीसरांसोबत सिनेमा बघणं ही शिक्षा होती. नायिका पडद्यावर आली, की हे नेमके कानाशी वाकून म्हणत, "तिच्याकडं काय बघायलास? मागच्या भिंतीवरची सावली बघ!" जुन्या कृष्णधवल इंग्रजी गुन्हेपटांना फिल्म नॉयर म्हणतात, हे आम्हा लातूरकरांना कळलं ते ह्या इंग्रजीच्या प्राध्यापकामुळे. दर रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून त्यांचा फिल्म क्लब भरे. लेकीच्या लग्नाची बोलणीसुद्धा त्यांनी रविवार टाळून केली.

सरांच्या हिशेबी, खिडकीच्या पट्ट्यांची सावली अंगावर पडली, की तो माणूस तुरुंगात गेलाच म्हणून समजायचं. बाई आरशात दिसली, की ती खोटं बोलते. रेणापूरच्या एका दोस्ताने एकदा विचारलं, "सर, त्यांच्याकडंबी लाइट जाती काय?" सर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. पण त्यांचा खरा जीव तिरक्या चौकटीवर. कॅमेरा कलला, की खुर्चीतून उठून ओरडत, "बघा, गड्याच्या पायाखालची जमीन सरकली!"

मग भूकंप झाला. ज्या थोरल्या बहिणीने सरांना वाढवलं, ती औशाच्या पुढच्या गावात दगडामातीच्या घराखाली गेली. सरांचं बोलणंच बंद झालं. काही महिन्यांनी आम्हीच गळ घातली, म्हटलं सिनेमा लागला तर माणूस बोलता तरी होईल. त्यांनी मोठ्या हिमतीने पुन्हा घोंगड्या लावल्या. सिनेमा रंगात आला, पडद्यावरची खोली तिरकी झाली, आणि कुणीतरी ओरडलं, "पळा!" खुर्च्या पाडत अख्खा हॉल बाहेर. सर आमच्याही आधी.

हसू कुणालाच आलं नाही. लिंबाखाली बसून ते म्हणाले, "पायाखालची जमीन सरकली, असं मी तुम्हाला मिटक्या मारत सांगायचो रे." 

क्लब मिटला तो मिटलाच. पुढे हॉलमध्ये शिकवणीचे वर्ग आले. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात पोरं गणितं सोडवू लागली, भिंतींकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. सर लेकीकडे नांदेडला गेले.

बऱ्याच वर्षांनी त्यांना भेटायला गेलो. टीव्हीवर तसलाच एक जुना सिनेमा चालू होता. भर दुपारी खोलीतले सगळे दिवे लागलेले, दार सताड उघडं. पडद्यावर जिन्यालगतच्या भिंतीवर एक भलीमोठी सावली चढू लागली. मला वाटलं, आता सर खुलतील. मुद्दामच विचारलं, "सर, ह्याचा अर्थ काय?"

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कसलाच न्हाई," ते म्हणाले. "नुसती सावलीच असू दे, बाबा."