सालभराची चित्रं

आमच्या घरात मला स्वतःची खोली मिळाली ती उंदरांच्या कृपेनं.

मागच्या खोलीत धानाची ढोली होती. बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीनं सारवलेली, आत उतरलेला माणूस बाहेरून दिसू नये एवढी मोठी. एका वर्षी उंदरांनी ती बुडापासून अशी पोखरली की बाबांनी वैतागून मोडूनच टाकली. धान पोत्यांत भरून समोरच्या खोलीत रचलं आणि मागची खोली मोकळी झाली. मी तेव्हा नागपूरहून चित्रकला शिकून परतले होते आणि सानगडीच्या शाळेत ड्रॉइंगची बाई म्हणून नुकतीच लागले होते. रंग ठेवायला घरात जागा नव्हती. टर्पेंटाइनच्या वासानं वरण नासतं, असं मायचं ठाम मत होतं. मी लगेच खोली मागितली.

"घे," बाबा म्हणाले. "पन मंडई ते मंडई. पुढच्या मंडईले नवीन ढोली आनीन."

दिवाळी झाली की आमच्याकडे प्रत्येक गावाची आपापली मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, रात्री नाटक. सोयरेधायरे येतात, पोरींना स्थळं दाखवली जातात, भांडणं मिटतात आणि नवीन सुरू होतात. कॅलेंडरचं वर्ष शाळेच्या भिंतीवर असायचं, आमच्या गावाचं वर्ष मंडईला सुरू व्हायचं. म्हणजे खोली मला येत्या मंडईपासून पुढच्या मंडईपर्यंत, एका वर्षासाठी मिळाली होती. मी 'बरं' म्हणाले आणि मनात म्हटलं, एकदा आत शिरू तर द्या, मग बघू कोण बाहेर काढतं ते.

मी तापट आहे, हे मायच काय, सानगडीची अख्खी शाळा सांगेल. त्या खोलीत मात्र माझा राग कुठं जायचा कोण जाणे. सायकलवरून घरी आले की दार लावायचं, की झालं. मी काढायची ती चित्रं गावाच्या ओळखीची नव्हती. देव नाही, राजा नाही, नाकीडोळी नीटस बाई नाही. नुसते रंगांचे पट्टे आणि चौकोन. माय दारातून डोकावून विचारायची, "हे सुरू हाय का झालं?" झालं म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नसे.

नागपूरचा माझा एक वर्गमित्र होता. तोही याच जातीची चित्रं काढणारा. आम्ही दोघांनी नागपुरात एक प्रदर्शन लावलं होतं. लोक आले, चहा प्यायले, 'वेगळं आहे' म्हणाले आणि गेले. 'वेगळं आहे' म्हणणारा माणूस कधीही चित्र विकत घेत नाही, हे मी तिथं शिकले. मित्राला त्यावर उपाय सापडला होता. विलायतेत म्हणे नवी चित्रं लिलावात विकतात. एकानं बोली लावली की दुसऱ्याला चेव येतो, असं त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

"मग आमच्या मंडईत लावू," मी म्हणाले. "लिलाव आमच्या गावाला शिकवावा लागत नाही."

ते खरंच होतं. तलावाच्या मासोळीचा लिलाव, शाळेमागच्या चिंचेचा, बाजाराच्या वसुलीचा, सगळे चावडीपुढच्या पारावर व्हायचे. पुकारणारे कायमचे एकच, माझे बाबा. आवाज असा की तलावापलीकडच्या धानाच्या बांधीतला माणूस मान वर करायचा. पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही, हा गावाचा नियम होता. त्यामुळे इतक्या वर्षांत बाबांनी गावची एक चिंचही घेतली नव्हती.

माझं गणित सरळ होतं. चित्रं खपली की बाबांना दिसेल, या खोलीतून काहीतरी निघतं. मग ढोली कसली आणि काय कसलं.

मित्र वरठी स्टेशनला गाडीतून उतरला आणि एस.टी.च्या टपावर चित्रं बांधून भंडारा, साकोली करत गावात पोचला. मंडईच्या दुपारी आम्ही पारावर चित्रं उभी केली. बाबांनी धोतर सावरलं, घसा खाकरला आणि सुरू केलं.

"ऐका हो ऐका! मंडई ते मंडई! आतूनबाहेरून पाहून घ्या, मांगाहून बोंबलाचं नाही. बोला!"

"मंडई ते मंडई म्हणजे?" मित्रानं हळूच विचारलं.

"काही नाही. सवय आहे त्यांची. चिंचेलाही हेच म्हणतात."

पहिलं चित्र मित्राचं होतं. पांढऱ्यावर एक मोठा काळा गोल. बाबांनी ते दोन्ही हातांनी उचललं, मागून पाहिलं, बोटानं टिचकी मारली. "हा गोल हाय. काळा हाय. बोला!" लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी किराणा दुकानवाल्या सेठनं बोली लावली.

"सेठ, तुमाले काहून पायजे जी?" कोणीतरी ओरडलं.

"दुकानात टांगीन. गिऱ्हाईक वर पाहीन."

यावर हशा पिकला, आणि हसता हसता लोक बोलू लागले. मासिकातला चेव आमच्या गावालाही आला. पोलीस पाटलानं सर्वांत मोठं चित्र घेतलं, कारण ते सर्वांत मोठं होतं. पाटलानं लहान चित्र घेतलं असतं तर गावात काय तोंड दाखवलं असतं? मग माझं एक चित्र आलं, सगळं लालभडक, मधून एक पिवळी रेघ.

"हे मले पायजे," मागून आवाज आला.

ती मोठीमाय होती, बाबांची मोठी वहिनी. आमच्या पारावर आजवर बाईनं बोली लावली नव्हती. पण नाही म्हणायची बाबांची काय बिशाद? आणि मोठीमायवर बोली चढवायची छाती तर गावात कोणाचीच नव्हती. "एक वार, दोन वार, तीन वार," बाबांनी एका दमात उरकून टाकलं.

शेवटी राहिलं माझं बांध्यांचं चित्र. तेच मला सर्वांत जवळचं होतं. आमच्या तलावाखालच्या धानाच्या बांध्या, वरून पाहिल्यासारख्या. हिरवे, पिवळे, मातीचे चौकोन, एकमेकांना खेटून. बाबांनी ते उचललं आणि बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ हातात धरलं.

"बोला!"

कोणी बोलेना.

"बांध्या पाहाले पैसे कायले पायजे जी?" सेठ म्हणाला. "घराबाहेर निघा अन् पाहा!"

सगळा पार खदखदून हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सेठला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाबांनी दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं आणि चित्र चावडीच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं. न गेलेला माल तसाच ठेवायची रीत होती. बाकी सगळी चित्रं गेली होती. मित्र पारावरच नाचायचा बाकी होता. मी ते एक चित्र घेऊन घरी आले आणि खोलीत तसंच, भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

ते वर्ष मात्र मजेत गेलं. सेठच्या दुकानात गिऱ्हाईक खरोखर वर पाहू लागलं, आणि तेवढ्यात सेठचा काटा काय करतो अशी शंका घेऊ लागलं. पाटलाचं चित्र भिंतीवर मावेना, म्हणून त्यानं ते खिडकीवर टांगलं आणि वर्षभर दिवसा कंदील लावला. पोळ्याला बैल दाखवायला आलेल्यांना तो आधी चित्र दाखवायचा, मग ओवाळणी द्यायचा. मी गावातून सायकलनं जाताना मान जरा वरच ठेवायची. आपली चित्रं लोकांच्या घरात आहेत, ही गोष्ट माणसाला उगाचच उंच करते.

पुढची मंडई जवळ आली आणि एका सकाळी अंगणात नवीन ढोली उभी दिसली. बुरडानं नुकतीच आणून दिली होती. माय तिला शेणामाती लिंपत होती. मी ढोलीला वळसा घालून निघून गेले. त्या आठवड्यात मी घरात कोणाशीच धड बोलले नाही. एकदा मध्यरात्री उठून तिला काडी लावावी असंही मनात आलं, खोटं कशाला सांगू?

त्यातच मंडईच्या आदल्या दिवशी सेठ दारात आला. हातात बारदानात गुंडाळलेला काळा गोल.

"घ्या बाई. पाहून घ्या, डाग नाही का वरखडा नाही."

"आवडलं नाही तर घेतलं कशाला होतं?"

"आवडलं नाही कोन म्हनते? पन साल भरलं न! ठेवून घेतलं तर लोक म्हनतीन, सेठनं दाबलं."

त्याच्या मागून पाटलाचा गडी डोक्यावर सर्वांत मोठं चित्र घेऊन आला. मग आणखी एक आलं, मग आणखी. सगळ्यात शेवटी मोठीमाय. तिनं लाल चित्र लुगड्याच्या पदरानं पुसलं, माझ्या हातात दिलं आणि डोळ्याला पदर लावला. "सकाळी उठलं का आदी हेच दिसे वं," ती म्हणाली. "उद्या कोनाच्या घरी जाते का मालूम."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तलावाची मासोळी सालभराची, चिंच सालभराची, बाजार सालभराचा. गावात लिलाव म्हणजे एका वर्षाचा हक्क. बाबांनी पारावरून सांगितलं होतं, मंडई ते मंडई, आणि माझ्याशिवाय सगळ्या गावानं ते नीट ऐकलं होतं.

मी तरातरा बाबांकडे गेले. ते अंगणात ढोलीचं लिंपण हातानं चाचपत होते.

"बाबा, चित्र कायमचं विकत असतात!"

"कायमचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तलाव विकायला काढला होता. "असा कुठं लिलाव असते का?"

"आणि खोली?"

"उद्या मंडई हाय," ते म्हणाले. "उद्याचं उद्या."

मी रात्रभर कूस बदलत पडले. सकाळी उठून रंग एका पेटीत भरले, ब्रश बांधून ठेवले. पारावर जायचं नाही असं ठरवलं होतं, पण मोठीमाय आंधळगावचं कोशाचं रेशमी लुगडं नेसून दारात उभी राहिली. लग्नाकार्याशिवाय ते तिनं कधी काढलेलं मी पाहिलं नव्हतं. मी चित्रं उचलून तिच्या मागून गेले.

दुसऱ्या वर्षीचा लिलाव पहिल्यापेक्षा जोरात झाला. आता प्रत्येकाला माहीत होतं की कोणतं चित्र घरात कसं वागतं. सेठला लाल हवं होतं, पाटलाला काहीही चालणार होतं पण खिडकीएवढं नको होतं. काळ्या गोलासाठी तर दोन भावांत जुंपली. मोठीमायनं आपलं लाल परत घेतलं. सेठनं या वेळी तिच्यावर एकदा चढवून पाहिलं, तिनं नुसतं वळून बघितलं आणि तो खाली बसला.

बांध्यांचं चित्र मी नेलं नव्हतं. पण भिंतीला टेकवलेल्या रांगेत ते उभं होतं. खोलीतून कोणी आणलं, हे मला कळायच्या आत बाबा पारावरून खाली उतरले.

"पाटील, हे एक तुमी पुकारा."

"काहून जी?"

"पुकारनाऱ्याले बोली लावता येत नाही."

बाबा लोकांत मांडी घालून बसले. त्यांना तिथं बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. पाटलानं चित्र उचललं, बाबांनी बोली लावली. सेठला राहवेना, त्यानं गमतीनं चढवली. बाबांनी चढवली. सेठनं पुन्हा चढवली तेव्हा बाबा ओरडले, "घराबाहेर निघ अन् पाहा, बेट्या!" आणि अख्खा पार हसून लोळला. माझा तापटपणा कुठून आला ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पाटलानं तीन वार म्हटलं. चित्र बाबांचं झालं.

"कुठं टांगता?" सेठनं विचारलं.

"मांगच्या खोलीत," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "सालभर तिथंच राहीन. ढोली ओसरीत जाईन."

घरी जाऊन त्यांनी स्वतः खिळा ठोकला. मी बांधलेले ब्रश सोडले आणि खोलीचं दार लावून पोटभर रडले. आनंदानं, आणि थोडं चिडूनही. खोली दिली असं तोंडानं म्हणायला काय जात होतं या माणसाचं?

पुढं हे दरवर्षी चालू राहिलं. मित्र मुंबईला गेला, मी एकटीच नवी चित्रं घालत राहिले, आणि गावातली चित्रं मंडई ते मंडई घरं बदलत राहिली. दरवर्षी बाबा खिळ्यावरून बांध्या काढायचे, पारावर न्यायचे, एका चित्रापुरतं पाटलाला पुकारायला लावायचे, सेठ एकदा चढवायचा, बाबा त्याला तीच शिवी घालायचे आणि चित्र घरी आणायचे. म्हणजे दरवर्षी मला खोली मिळायची ती एका वर्षाचीच. एकदा मी न राहवून विचारलं, "बाबा, ही खोली मला कायमची का देऊन टाकत नाही?"

ते खिळा सरळ करत होते. "कायमचं देलं का मानूस मंग पाहाले येत नाही," ते म्हणाले. "आता मले दर साली यावं लागते."

बाबा गेले ते एका पावसाळ्याच्या शेवटी. मंडईला चित्रं न्यायची की नाही, मला ठरवता येईना. पण साल भरलं होतं आणि लोक आपापली चित्रं घेऊन दारात येऊन उभे होते. मीही खिळ्यावरून बांध्या काढल्या.

त्या वर्षी सगळीच चित्रं पाटलानं पुकारली. शेवटी बांध्या उचलल्या आणि तो थांबला. कोणी बोलेना. कोणी माझ्याकडे पाहीना.

मी हात वर केला आणि बोली लावली. आपलंच चित्र, आपल्याच पैशानं.

सेठ आता म्हातारा झाला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि नेहमीसारखी एकदा चढवली. मी त्याला बाबांची शिवी घातली आणि त्यावर चढवली.

"एक वार, दोन वार, तीन वार," पाटील म्हणाला. "मंडई ते मंडई."

मी चित्र काखेत घेतलं, घरी आणलं आणि त्याच खिळ्यावर टांगलं.