टोपण न काढणारा

सोलापुरात डिप्लोमाच्या संध्याकाळच्या वर्गात माझ्या शेजारी चादरीच्या कारखान्यातला एक विणकर बसायचा. केसांत कापूस तसाच असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. फळ्यावर इंटिग्रेशन आलं की गणित सोपं करायला आम्ही साइनच्या जागी टी मानून धडाधड लिहीत सुटायचो. तो मात्र पेनाचं टोपणही काढायचा नाही.

"काय बघताय एवढं?" एकदा मी विचारलं.

"साइनच्या जोडीला कॉस हाय का, ते. असला तरच टी मानायचा. धागा तुटला तर दुसरं टोक घावल्याशिवाय गाठ मारतो का आमी?"

परीक्षेत नुसता साइन स्क्वेअर आला. मी सवयीनं टी मानून अर्धं पान भरलं. मग सहज पलीकडे पाहिलं. तो टोपण लावूनच बसला होता. मी प्रश्न पुन्हा वाचला, कॉस कुठंच नव्हता. मी ते अर्धं पान खोडलं.