घोडबंदरवर पॅरिसची शर्यत

“मामा, हाण ना गाडी! मुहूर्त चाललाय!” मुंडावळ्या बाजूला सारून माझा भाचा मागच्या सीटवरून ओरडला.

हाणतो कुठे? घोडबंदर रोडवर आमच्यापुढे गाड्यांची अशी रांग, की तिचं पुढचं टोक नाशकात जेवायला बसलं असणार. हॉल कल्याणला. हा मुहूर्त चुकला तर पुढचा थेट दिवाळीनंतर, असं भटजींनी दम देऊन सांगितलेलं. घामाने भाच्याची हळद दुसऱ्यांदा उतरत होती. शेजारी त्याची बहीण, करवली, मांडीवर कलश घेऊन.

मी म्हटलं, “घाबरू नको रे. मोटारींच्या शर्यती नव्या होत्या ना, तेव्हा पॅरिसहून पार व्हिएन्नाला गाड्या सोडायचे. धूळ एवढी, की ड्रायव्हर झाडांचे शेंडे बघून रस्ता ओळखायचा. आणि मधे गाव लागलं की वाट दाखवायला पुढे एक सायकलवाला. सगळ्यांनी निमूट त्याच्या मागून जायचं.”

“त्यातल्या कोणाचं लग्न होतं का, मामा?” करवली म्हणाली.

पण मला आयडिया सुचलेली. मागे टेम्पोत आमचा बँड होता. सायकल नाही तर नाही, मी ट्रम्पेटवाल्याला उतरवून गाडीपुढे उभा केला. “वाजवत चाल. लोक वाट देतील!”

व्हिएन्नाचे देत असतील. आमच्याकडे ट्रम्पेट वाजला की लोक नाचतात. रिक्षावाले उतरले, कंडक्टरसकट अख्खी बस उतरली, टॉवरच्या वरच्या मजल्यावरून एक काकू आरतीचं ताट घेऊन धावत आल्या. नवरदेवाला कोणीतरी खांद्यावर घेतलं. तेवढ्यात पुढचा रस्ता मोकळा झाला, पण गाड्यांत माणूस नाही! शेवटी करवलीने कलश माझ्या हातात कोंबला, भावाला शेल्याला धरून ओढत आणलं आणि ट्रम्पेटवाल्याला टेम्पोत डांबलं.

हॉलवर पोचलो तेव्हा मुहूर्त केव्हाच टळलेला. भाचा रडायच्या बेतात. मी भटजींचे पाय धरले आणि पॅरिसपासून सगळं सांगितलं, सायकलसकट.

भटजी सुपारी कातरत म्हणाले, “नवरा घोडबंदरचा असला की पत्रिकेत मी सकाळचा मुहूर्त देतो. लग्न दुपारच्या मुहूर्तावर लावतो.”