मालनची कणीक आणि पन्नास किलो

गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मालन गोरेगावातल्या राजाराम सरांच्या व्यायामशाळेत गेली, ती तिथलीच झाली. पहिल्या दिवशी तिने लोखंडी बार असा उचलला, जणू माळ्यावर पिंप चढवतेय. सर म्हणाले, "बाई, तुम्ही याआधी काय करत होता?"

"पोळ्या," मालन म्हणाली.

त्याला तीन वर्षं झाली. 'तुम्ही'चं 'तू' झालं. आता मालन सत्तेचाळीस वर्षांची होती आणि सप्टेंबरच्या शेवटी मुलुंडला प्रौढांची जिल्हा स्पर्धा होती. बार खांद्यावर घेऊन तिथून डोक्यावर न्यायच्या प्रकारात पन्नास किलो उचलले तरच तिची राज्याच्या स्पर्धेसाठी निवड होणार होती. हे तिला हवंच होतं. आजवर तिला कोणी कशासाठी निवडलं नव्हतं.

जूनमध्ये तिने अठ्ठेचाळीस उचलले होते. ऑगस्टमध्ये चव्वेचाळीससुद्धा हातातून निसटू लागले.

राजाराम सरांची एक पद्धत होती. रोजचा तक्ता ते खडूने फळ्यावर लिहीत आणि तो सगळ्यांना सारखा. वजन ज्याचं त्याचं, खेपा मात्र तेवढ्याच. हाच तक्ता करून बावीस वर्षांची सई दर पंधरवड्याला पुढे जात होती.

"सईला जमतं, तुला का नाही?" सर म्हणत. "आळस करू नकोस."

मालनला ते पटलं. तिने दुपारचं पडणं बंद केलं आणि त्या तासात घरीच उठाबशा सुरू केल्या. मग झोप उडाली. सकाळी बोटं मिटेनात. नवरा नंदकिशोर साधा चहा मागायला लागला तरी ती खेकसायची. "पोळ्यांचा गिऱ्हाईक बरा, त्येका निदान हसून बोलतंस," तो मालवणीत पुटपुटायचा.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेच्या आरतीसाठी मोदक न्यायला सर स्वतः तिच्या चाळीत आले. सकाळचे सहा वाजले होते. मालन जमिनीवर बसून मोठ्या परातीत कणीक तिंबत होती. शेजारी वाफाळत्या उकडीचं पातेलं.

"किती कणीक ही?"

"बारा किलो. रोजचीच. सध्या वर मोदकांची उकड."

"मशीन नाही?"

"मशीनच्या पोळ्या कडक होतात, सर."

सर खाली बसले. "बघू." त्यांनी बाह्या सारल्या आणि परातीत मुठी रोवल्या. पाचव्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर घाम आला, सातव्या मिनिटाला ते भिंतीला टेकले. नंदकिशोरने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," सर म्हणाले.

"यात काय सांगायचं? घरचंच काम ते."

"झोपतेस किती?"

"पाच तास. हल्ली चार."

त्या संध्याकाळी सरांनी सईलाही तोच प्रश्न विचारला. "नऊ तास," सई म्हणाली. "रविवारी अकरा." मग ती मालनकडे वळली. "आई मला म्हैस म्हणते, काकी."

सरांनी फळ्यावरचा तक्ता पुन्हा वाचला. मग मालनला बाजूला घेऊन म्हणाले, "आठवड्यातून तीनच दिवस यायचं. खेपा निम्म्या. स्पर्धेआधीचे शेवटचे पाच दिवस बारला हात लावायचा नाही."

मालनचे डोळे भरून आले. "म्हातारी झाले म्हणून काढताय ना मला?"

"वयाचा थोडा भाग आहेच, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या शरीराला वजन बारचं की परातीचं हे कळत नाही गं. त्याला ओझं कळतं. त्यात झोप नाही, जेवण उभ्या उभ्या, डोक्याला ऑर्डरचा घोर. सईची पाठ दिवसभर मोकळी असते. मीच चुकलो. तीस वर्षं एकच तक्ता लिहीत आलो."

तीस वर्षांत सरांनी चूक कबूल केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मालनचं रडणं तिथेच थांबलं.

धंदा बंद करायला मात्र ती तयार होईना. शेवटी कणीक नंदकिशोरकडे गेली. पहिल्या दिवशीच्या पोळ्या पाहून एका गिऱ्हाइकाने फोन केला, "काकी, आज पापड पाठवलेत का?" नंदकिशोर वैतागला. "हात माझे, पण पीठ तुझाच ऐकता गो!" आठवड्याभरात ते त्याचंही ऐकू लागलं. मालन दुपारी पडायची. सुरुवातीला नुसतीच छताकडे बघत, अपराध्यासारखी. चौथ्या दिवशी ती घोरली.

मुलुंडला पहिल्या खेपेला तिने सेहेचाळीस सहज उचलले. दुसऱ्या खेपेला पन्नास डोक्यावर गेले, पण कोपर हललं. पंचांचे लाल दिवे लागले, खेप बाद. तीनपैकी आता एकच संधी. पूर्वीची मालन चिडून लगेच उठली असती. ही खुर्चीत बसून राहिली, डोळे मिटून, वेळ संपत येईपर्यंत. नंदकिशोरने जय महाराष्ट्र म्हणावं तसा हात वर केला.

ती उठली. बार खांद्यावर आला. क्षणभर थांबली. गुडघे लवले, आणि पन्नास किलो वर. कोपरं ताठ. पांढरे दिवे, तिन्ही.

सई किंचाळत धावली. नंदकिशोर अनोळखी माणसांना सांगत सुटला, "बायल माझी, बायल!"

बक्षीस समारंभ लांबला. मालनचं नाव पुकारलं तेव्हा ती मागच्या रांगेत सईच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. सई तिला हलवणार, तेवढ्यात राजाराम सरांनी सईचा हात धरला आणि माइकवाल्याला खूण केली, पुढचं नाव घ्या.